चोविसाव्या फोडीखालचं गाव

मी आयुष्यभर पृथ्वी चिकटवली. हसू नका, खरंच सांगते. रेशनकार्डाच्या वेळी कारकुनानं विचारलं, "बाई, धंदा?" मी म्हटलं, "पृथ्वी चिकटवते." त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं एकदा बघितलं आणि लिहून टाकलं, 'मजुरी'. तेही काही चुकीचं नव्हतं म्हणा. शाळेत टेबलावर निळा गोळा असतो ना, ज्याला मास्तर 'पृथ्वीगोल' म्हणतात आणि मास्तर वर्गाबाहेर गेले की पोरं गरगर फिरवतात, तो आम्ही करायचो. नगरात, माळीवाड्याच्या अलीकडं एका बोळात, पत्र्याच्या छपराखाली. आम्ही चार बाया, एक सुतार आणि मालक. मालकांना सगळे अण्णा म्हणत. अंगानं काडी, पण आवाज असा की बोळाच्या तोंडाला उभ्या माणसाला कळावं, आज कमलबाईला बोलणी बसली. कमलबाई म्हणजे मी. आणि मीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हते.

गोळा कसा करतात हे मला आजवर कुणी नीट विचारलं नाही, तेव्हा न विचारताच सांगते. लाकडी साच्यावर रद्दीचे थर सरसानं चढवायचे. वाळले की वाटी निघते. अशा दोन वाट्या जोडायच्या, मधून दांडी घालायची, वर खडूच्या पुडीचा लेप देऊन घासायचं. इथवर काम सुताराचं आणि बाकीच्या बायांचं. पुढचं माझं. नकाशा मुंबईहून छापून यायचा, सपाट कागदावर. आता सपाट कागद गोळ्यावर बसवायचा कसा? पोळी चेंडूवर गुंडाळून बघा, नुसत्या चुण्या पडतील. म्हणून तो नकाशा छापतानाच फोडी करून छापलेला असतो. वर टोक, खाली टोक, मध्ये फुगीर. मोसंबीची फोड असते तशी. आम्ही म्हणायचोही फोडच. मोठ्या गोळ्याला चोवीस फोडी. मैद्याच्या खळीत मोरचूद टाकून, म्हणजे किडा लागत नाही, एकेक फोड ओली करून शेजारीशेजारी बसवत जायचं.

दोन फोडींच्या मधली जी उभी रेघ, ती रेखांशाची. एवढंच आहे ते. मुलांना उगाच घाबरवून सोडलंय. आडव्या रेघा असतात त्या मध्ये मोठ्या आणि टोकांकडं लहान लहान होत जातात, कासाराकडच्या बांगड्यांच्या मापासारख्या. उभ्या रेघांत तसली थोरली-धाकटी नाही. सगळ्या सारख्या लांबीच्या, सगळ्या वरच्या टोकाला एकत्र येणार आणि खालच्या टोकाला एकत्र येणार. मग शून्य नंबरची कोणती? तर विलायतेतल्या एका जागेवरून जाते ती, कारण ठरवताना जोर त्यांचा होता. "आपल्या भुईकोट किल्ल्यावर शून्य धरलं असतं तर पृथ्वी काय फिरायची थांबली असती?" असं अण्णा विचारायचे. आणि पृथ्वी चोवीस तासांत एक फेरी पुरी करते, फोडी चोवीस, म्हणजे एका फोडीला एक तास. पूर्वेकडच्या फोडीत सूर्य आधी, पश्चिमेकडच्या फोडीत मागून.

आता आमच्या धंद्यातलं गुपित. ओला कागद ताणला जातो. प्रत्येक फोड केसभर वाढते. तेवीस फोडी बसवून झाल्या की चोविसावीला जागा पुरत नाही. मग काय करणार? तिची कड पहिल्या फोडीच्या कडेवर चढवायची. अर्ध्या बोटाची ती जोड, तिला आमच्याकडं 'पाप' म्हणायचे. सगळ्या गोळ्याचं साठलेलं पाप तिथं. अण्णांचा दंडक होता, पाप पाण्यात! म्हणजे चिकटवायला सुरुवातच अशा ठिकाणी करायची की शेवटची जोड थेट पॅसिफिक महासागरात यावी. तिथं निळ्यावर निळं चढलं तर कुणाला काय कळतंय?

गंमत म्हणजे जगानंही तेच केलंय. एकेका फोडीला एकेक तास मोजत सगळ्या पृथ्वीला वळसा घालून घरी आलात की हिशेबात एक अख्खा दिवस जास्त किंवा कमी भरतो. तो कुठंतरी टाकावा लागतोच. तो त्यांनी त्याच समुद्रात, त्याच रेघेपाशी टाकला. अलीकडं सोमवार असला तर पलीकडं रविवार. अण्णांनी हे कुठंतरी वाचलं तेव्हा दोन दिवस त्यांचा पाय जमिनीला लागत नव्हता. "बघा कमलबाई, पाप पाण्यात! आपली आणि जगाची अक्कल एकच."

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नग. पारनेरकडच्या एका हेडमास्तरांनी गोळा परत पाठवला होता, सोबत निरोप, 'पृथ्वी वाकडी आली आहे, सरळ करून द्यावी.' अण्णा चिडले, मग त्यांनी खरंच एक दांडी सरळ ठोकून दिली. "राहू दे त्यांच्या गावात बारमाही एकच ऋतू." आणखी एकदा पाथर्डीच्या बाजूचे एक गृहस्थ गोळा घ्यायला आले. पंचाहत्तर अंशाची रेघ बोटानं चाचपत बराच वेळ उभे. मग हळूच म्हणाले, "बाई, ही रेघ आमच्याच शिवारातनं जाती का वं?"

"जवळून जाते खरी."

"मंग जमीन किती जानार?"

त्यांचंही काय चुकलं? तेव्हा आमच्या भागात कागदावर रेघ पडली म्हणजे कॅनॉल निघणार आणि कुणाचं तरी वावर जाणार, हे ठरलेलं. ही रेघ कुणी खणायला येत नाही, तिला रुंदीच नाही, हे त्यांना पटवताना माझ्या तोंडाला फेस आला. पटलं नाहीच. गोळा न घेता गेले.

पण मला सांगायची आहे ती गयाबाईंची गोष्ट.

मोठ्या दुष्काळाचं साल. नगरात पाणी असं की खळ कालवायला तांब्या घेतला तर अण्णा तांब्याकडं बघत बसायचे. अशा एका दुपारी डोईवर गाठोडं घेतलेली एक बाई दारात उभी राहिली. पन्नाशीच्या आसपासची, उन्हानं चेहरा तांबारलेला. गाठोडं उतरवून सोडलं तर आत आमचाच गोळा! हिरव्या लुगड्याच्या धडप्यात लेकरासारखा गुंडाळून आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरहून एस.टी.नं आणलेला.

"ह्यो तुमीच केला ना?" बाई म्हणाली.

"आमचाच. का हो मावशी, फुटला का?"

"फुटला न्हाई. ह्याच्यात माझी लेक न्हाई."

आमच्या बायांनी माना वर केल्या. एक फिसकन हसली. मी तिच्याकडं डोळे वटारले आणि मावशींना बसायला पोतं दिलं. पाणी दिलं. मग त्यांनी सांगितलं.

लेकीचं नाव शालन. जावई शास्त्राचे मास्तर. त्यांना परदेशात एका शाळेत नोकरी लागली. दूर समुद्रात, फिजी म्हणून बेटं आहेत, तिथं. दोघं गेली. शालनच्या वडिलांचा या सोयरिकीलाच विरोध होता. त्यांचं म्हणणं, पोर पंचक्रोशीत द्यावी, बैलगाडीनं जाऊन बघून यावी. गयाबाईंनी हट्टानं हे स्थळ केलं होतं. "पोरगी शिकल्याली, मास्तरच पायजे म्हनलं मी. माझाच हेका." आता लेक गेल्यावर त्या माणसाला राहवेना. नगरला आले होते तेव्हा त्यांनी स्वतः हा गोळा विकत घेतला, घरी नेला आणि ओसरीत बसून फिजी शोधलं. सापडेना. गावच्या मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी सांगितलं, इथं असायला पाहिजे, आणि बोट ठेवलं तर खाली नुसतं निळं पाणी.

"भावकीत कुनीतरी बोललं," मावशी सांगत होत्या, "फिजी कसलं, फजिती झाली म्हना! गोळ्यावर सारं जग हाय आन तेवढंच गाव न्हाई व्हय? कुटंतरी नेऊन इकली असंल पोरगी. पत्रं येत्यात, पर हे म्हनत्यात, कागुद काय कोन बी लिहितंय. त्या निळ्यावर बोट ठिवून मला म्हनलं, हितं बुडवलीस तू माझी पोर. तवापासनं माझ्याशी बोलत न्हाईत. ताट वाढलं तर जेवत्यात. पर सबूद न्हाई. पोरी, तूच सांग, ते गाव हाय का न्हाई?"

मी गोळा माझ्याकडं ओढला. कारण मास्तरांनी बोट कुठं ठेवलं असणार ते मला न बघताच कळलं होतं. बरोबर पापावर.

मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा छपराकडं पाहायला लागले. मी सुरी घेतली, जोडीवरचं व्हार्निश खरवडलं, ओलं फडकं ठेवलं आणि कागद भिजेपर्यंत मावशींना गावाकडचं काहीबाही विचारत बसले. मग चोविसाव्या फोडीची कड नखानं हळूहळू उचलली. खाली दोन हिरवे ठिपके. तांदळाच्या कणीएवढे. शेजारी बारीक अक्षरात छापलेलं, 'फिजी'. उजेड न लागल्यामुळं रंग अगदी कोराकरकरीत राहिलेला.

"हे बघा मावशी. हे काय."

त्यांना वाचता येत नव्हतं. पण त्या दोन कण्यांवर त्यांनी बोट ठेवलं आणि एकदम रडायलाच लागल्या. "हाय गं माझी बाय, हाय! हितंच हाय!" मघाशी हसलेली आमची बाई आता पदरानं डोळे पुसत होती.

रडणं ओसरल्यावर मावशींनी विचारलं, "पर मंग हिला झाकलं कुनी?"

मी पापाची सगळी कथा सांगितली. लपवून काय करणार, ताणलेला कागद समोर दिसतच होता. मावशींनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी तुमच्या पापाखाली व्हय माझी लेक?"

अण्णांनी घसा खाकरला. म्हणाले, "मावशी, आम्हाला वाटलं नुसतं पाणी आहे."

"पान्यात बी मानसं ऱ्हात्यात की वो."

मी म्हटलं, तुम्हाला नवा गोळा करून देते, जुना ठेवून घेते, वर एक पैसा नको. तेवढ्यात मावशींनी गाठोड्यातून मोसंबी काढल्या. बेलापूरकडं कॅनॉलच्या आधारानं तेव्हाही चार बागा तग धरून होत्या. एक सोलून मी त्यांच्या हातावर ठेवली आणि फोडी मोजून दाखवल्या. ही आपली फोड. हिच्या पूर्वेला सात फोडी सोडल्या की शालनची रेघ. सात फोडी म्हणजे सूर्याचे सात तास. घड्याळ विचाराल तर साडेसहा, कारण साऱ्या देशाचं घड्याळ आपल्या पूर्वेच्या एका रेघेवर लावलंय, आणि आपल्या नगरात सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागं असतो. आपल्याकडं दिवस उगवतो तेव्हा तिच्याकडं दुपार झालेली असते.

"म्हंजी सूर्य आधी तिच्या दारात जातो?"

"आधी तिच्या. मग आपल्या."

"मंग सकाळी आमच्यात येतंय ते ऊन तिला बघूनच येतंय," मावशी म्हणाल्या. त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मग गोळा हातात घेऊन विचारलं, "आता नवा करशील तवा ती जोड कुटं टाकशील?"

"एक फोड पलीकडं सरकवते. तिकडंही पाणीच आहे."

"तिथं कुनाची लेक नसंल कशावरनं?"

मी भिंग घेतलं. ज्याला आम्ही इतकी वर्षं पाणी पाणी म्हणत होतो तिथं बारीक बारीक ठिपके. आणखी एक फोड सरकवली, तरी वरच्या अंगाला कुठलातरी मुलूख लागतोच. रेखांशाची रेघ मुळी मध्ये थांबतच नाही. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत तिला जायचंच असतं, आणि एवढ्या लांबच्या वाटेत कुणाच्या ना कुणाच्या दारावरून ती जातेच. अण्णाही शेजारी येऊन वाकून बघत होते.

मग मावशीच म्हणाल्या, "आमच्यावरनं न्या."

"काय?"

"ते पाप आमच्या दारात टाका. आमचं गाव मला म्हाईत हाय. डोळं मिटून जाईन मी. मला काय ते गोळ्यावर हुडकायचंय व्हय?"

अण्णा भडकले. "अहो, देशावर जोड? काश्मीरपासून खालपर्यंत चिंधी जाईल एक! नकाशाला असा हात लावलेला कळला तर मला आत टाकतील. कमलबाई, अजिबात नाही."

"शाळेत कोण देतंय?" मी म्हटलं. "घरातला गोळा, घरात राहील. आणि अण्णा, त्यांचं गाव आहे, त्या देतायत. तुमचं काय जातंय?"

"माझा धंदा जातोय!"

"पाण्यात टाकलंत तेव्हा कुणाला विचारलं होतं?"

हे मी जरा जास्तच बोलले. अण्णा तडक उठून बाहेर गेले. गेली आता नोकरी, असं वाटलं. थोड्या वेळानं परत आले ते स्वतः पाण्याची घागर घेऊन. कुठून आणली, कुणाशी भांडून आणली, देव जाणे. घागर माझ्यासमोर आदळली आणि म्हणाले, "खळ चांगली दाट कालवा. आणि तिकडच्या बाजूला फोड नीट बसू द्या, ठिपके स्वच्छ दिसले पाहिजेत."

तो गोळा मी जन्मात चिकटवला नाही असा चिकटवला. फिजीपाशी कडेला कड अशी भिडवली की मध्ये मुंगी जाऊ नये. पंचाहत्तरची रेघ नगर आणि पाथर्डीच्या मधून उतरते, तिथं शेवटची फोड चढवली. तिच्या कडेखाली नगर गेलं, बेलापूर गेलं, आमचा बोळ गेला, अण्णा गेले, मी गेले. आपल्याच हातानं आपल्यावर कागद दाबताना कसंतरीच झालं, खोटं कशाला बोलू. गोळा वाळेपर्यंत मावशी नगरात कुणा पाहुण्यांकडं राहिल्या आणि त्याच धडप्यात नवा गोळा गुंडाळून घेऊन गेल्या.

आमच्या कारखान्यातही एक बदल झाला. अण्णांनी कागद आधी भिजवून, ताणून, मग वाढलेली कड घासून बसवायची रीत काढली. पाप पुरतं गेलं नाही, पण नखाएवढं उरलं, आणि फिजी उघडं राहायला लागलं. पुढं प्लॅस्टिकचे गोळे आले, त्यांना जोडच नाही, आणि आम्हाला कामही उरलं नाही. ते सोडा.

त्यानंतर पाऊसपाणी बरं झालं त्या वर्षी, दिवाळीच्या आधी, एक माणूस कारखान्यात आला. डोक्याला पटका, खांद्यावर मोसंबीची पाटी. पाटी उतरवली आणि दारातच उभा राहिला.

"आमी बेलापूरचं. ती गोळा घेऊन आल्याली गयाबाई, तिचा मालक म्या."

मी धास्तावले. म्हटलं, आता हे भांडणार. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"गोळा बघितला," ते म्हणाले. "ते फिजी दिसलं. मास्तरला बी दावलं. बरं वाटलं. मंग म्हनलं, हितनं तितवर किती लांब हाय ते बोटानं मोजावं. तर आमचं गावच सापडंना. नगर बी न्हाई. भावकीतलं मानूस बसल्यालं, त्याला म्हनलं, ह्यो गोळा बी खोटाच. आन लई दिसानं तिला हाक मारून इचारलं, काय गं, आपलं गाव कुटाय?"

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हनली, ते मी दिलं."

पटक्याच्या शेवानं त्यांनी तोंड पुसलं.

"बाई, लेक दिली तवा मला वाटलं, आता द्यायला काय ऱ्हायलंच न्हाई. हिनं गाव बी देऊन टाकलं."

आतून अण्णाही आले होते. मी विचारलं, "आता बोलता ना त्यांच्याशी?"

"न बोलून सांगतो कुनाला?" पाटीतल्या मोसंबी काढून तो माणूस माझ्या टेबलावर मांडत होता. "सकाळी न्याहारीला बसलं की पयला घास हातात धरून तिलाच इचारतो, शालन जेवली असंल का गं? ती बोटावर फोडी मोजती आन म्हनती, जेवली. मंग म्या जेवतो."